मांडीची चाचणी

भजनासाठी पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज घुमावा म्हणून, ओली कणीक लावून आबा सतरंजीवर बसायला गेले आणि अर्ध्यावरच अडकले. नवा गुडघा मांडी घालण्याइतका दुमडेना, आणि पखवाज तर ते मांडी घालूनच वाजवत.

तो गुडघा डिझाइन केला होता त्यांच्याच इंजिनिअर मुलानं, श्रीरंगनं. "आबा, पन्नास लाख वेळा वाकवून तपासलाय," असं सांगून त्यानंच त्यांना ऑपरेशनला तयार केलं होतं. चालणं, जिना, खुर्ची, साऱ्या चाचण्या झाल्या होत्या. मांडीचीही यादीत होती. "हल्ली खाली बसतंय कोण?" म्हणत त्यानंच ती खोडली होती.

श्रीरंगनं धावत खुर्ची आणली. वर बघायची हिंमत त्याला होईना.

"आज नुसत्या टाळांवर होऊ दे, बुवा," आबा गाणाऱ्या बुवांना म्हणाले. मग खुर्चीत बसून पखवाजाची कणीक नखांनी खरवडू लागले.