मानेवरची चिमूट

उंदराच्या मानेवरची कातडी ताईने चिमटीत धरली आणि त्याला उचललं. त्याने एकदा मागचे पाय झाडले. त्या पायांत मुळातच जोर नव्हता. ते लगेच लोंबले. काम ताईच्या हातातलं होतं. उंदीर मात्र तिचा नव्हता.

तो नवीचा होता.

स्नायू झिजत जाण्याचा आजार या उंदरांना जन्मापासूनच असतो. असल्या उंदराला क्षणभर मानेला धरलं की तो दगड होतो आणि त्याचा निरोगी भाऊ अंग झटकून पळतो, हे प्रयोगशाळेत पहिल्यांदा ताईने दाखवलं होतं. भित्रेपणा हा आजाराचाच भाग, असं तिचं म्हणणं. सर ते चारचौघांत तिचं नाव घेऊन सांगत. मग नवी आली. तिने उंदरांना हात न लावता नळीत शिरू दिलं, नळीसकट उचललं, आणि तेच आजारी उंदीर पेटीभर हिंडायला लागले. “भीती आजाराची नसेल, आपल्या हाताची असेल,” नवी एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून सरांचा चहाचा कप ताईच्या टेबलावरून नवीच्या टेबलावर गेला.

परिषदेत कोणाचं काम मांडायचं ते आज ठरणार होतं. सर नवीचा उंदीर बघायला येणार होते.

ताईने उंदराला पिंजऱ्यात सोडलं. तो पडला तिथेच राहिला. तिने हातमोजे काढून टाकले आणि पलीकडच्या खोलीत गेली.

नवी चाचणीची पेटी पुसत होती. तिने मान वर केली.

“ताई, बाम लावलात? आत वासाचं काही चालत नाही ना?”

“मनगट धरलंय. इतकी वर्षं काम केलंस की तुलाही कळेल.”

“मला नाही कळायचं. मी कुठे कुणाची मान धरते?” नवी हसली. त्या हसण्यात खोट नव्हती. ताईला तेच जास्त लागलं.

सर आले, पण दारातच त्यांचा फोन वाजला. घरचा नळ गळत होता. नळवाला आला नव्हता, मग आला होता, मग भलताच नळ उघडून बसला होता. सर त्याला फोनवरूनच झापत राहिले. ताई घड्याळाकडे पाहत राहिली. दगड झालेला उंदीर जन्मभर दगड राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शेवटी नळ बंद झाला. नवीने नळी आणून पेटीत टेकवली. उंदीर बाहेर आला आणि थांबला. दाराशी उभ्या असलेल्या ताईचा श्वास मोकळा झाला.

मग त्याच्या मिशा हलल्या. मागचे पाय ओढत तो भिंतीकडेने निघाला, वळला, पेटीच्या मधोमध बसला आणि तोंड धुवायला लागला.

“वा,” सर म्हणाले. “सासुरवाडीला आलाय जसा.”

नवीचे कान लाल झाले. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

ताई पुढे आली. “हा आजारीच आहे ना नक्की? निरोगी भाऊ उचलला नाहीस ना चुकून?” पेटीच्या कडेवर बाम लावलेलं मनगट टेकवून ती वाकली.

उंदीर थबकला. पुढचे पंजे तोंडाशी तसेच राहिले. मग पोट जमिनीला टेकलं आणि तो हलेना.

“बघा, सर,” ताई म्हणाली. “हेच सांगत होते मी. आजारच आहे तो.”

नवीचा चेहरा उतरला. ताईने तो नीट पाहून घेतला.

सर उंदराकडे बघत होते. “जरा मागे हो बघू.”

ती दारापर्यंत मागे गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग पंजे खाली आले. मिशा हलल्या.

“आता तू वाक,” सर नवीला म्हणाले. ती वाकली. उंदीर तिच्याकडे सरकला. मग सर स्वतः वाकले. उंदराने त्यांच्या बाहीचा वास घेतला आणि पुढे गेला.

सरांनी मान वर केली नाही. “आता तू ये, ताई,” ते म्हणाले. “मघासारखंच. मनगट कडेवर ठेव.”

उंदीर पेटीत हिंडत होता. ताई दाराशी होती, ती जागची हलली नाही.