कपाटातला डबा

राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर क्रूस काढायला राख कमी पडली; गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून जेमतेम मूठभर निघाली होती. चर्चच्या सेवकाने कपाटात सापडलेल्या डब्यातली राख गुपचूप तिच्यात मिसळली. राख ती राख, तिला कोण ओळखतंय!

प्रार्थना संपली. बाहेर पडणारा प्रत्येक जण दारातल्या घड्याळवाल्या काकांपाशी थांबून एकच बोलत होता, “मफलर गुंडाळ, वेड्या.” चिमुरडी मुलगीसुद्धा.

काका पांढरेफटक पडून सेवकाकडे आले. “राखेच्या दफनापर्यंत कपाटात ठेवलेला डबा कुठाय? माझी बायको आहे त्यात.”

कपाळावरची राख पुसत माफी मागायला सेवकाने तोंड उघडलं, “मफलर गुंडाळ, वेड्या.”

काकांनी निमूट मफलर गुंडाळला आणि त्याचा हात घट्ट धरला. “चल गं घरी.”