दुसरं बटण

टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजायचं माझं काम. निवडक घरांत आम्ही एक डबी बसवतो. टीव्हीसमोर बसलं की घरातल्या ज्यानं त्यानं आपापलं बटण दाबायचं.

शिकागोनं बास्केटबॉलचा अंतिम सामना जिंकला. आजवर इतक्या लोकांनी कुठलाच सामना पाहिला नव्हता म्हणून ऑफिसात सगळे नाचत होते. मला मात्र दुसऱ्या दिवशी मिसेस पेटवेंच्या दारात धाडलं.

"काल तुमच्याकडे दोघांनी सामना पाहिल्याची नोंद आहे. पण तुमचे मिस्टर तर मार्चमध्येच गेले ना?"

"हो, गेला ओडेल."

"मग त्यांचं बटण कोणी दाबलं?"

"मीच. वर्षभर याच सामन्याकडे डोळे लावून बसला होता. कसा चुकवू देऊ?"

"बाई, गेलेला माणूस आम्हाला नाही मोजता येत. आकड्यातून एक कमी करावा लागेल."

"दोन कमी कर, बाळा."

"दोन का? तुम्ही तर बघत होता ना?"

तिनं नुसतं आत बोट दाखवलं. एक खुर्ची टीव्हीसमोर होती. दुसरी टीव्हीकडे पाठ करून, त्या पहिल्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेली.

"मला कुठे कळतो तो खेळ? चाळीस वर्षं सामना लागला की मी त्याचं तोंड बघत बसायचे. कालही तिकडेच बघत बसले."