औषधांचा रकाना

“हाडं जुळतील मावशी, हाडांची चिंता नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एवढा मार बसला की शरीर आतून पेटतं. किती पेटेल, कधी निवेल, ते आमचा कॉम्प्युटर रक्तावरून आधीच सांगतो. तुमचा मुलगा तरून जाईल, असं त्याने सांगितलं होतं. पण लक्षणं उलटीच दिसताहेत.”

आई काचेतून बघत होती. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला लेक तिसरा दिवस नळ्यांत गुंतून पडला होता. शेजारी सून, पर्स छातीशी धरून.

“त्या डबड्याला काय कळतंय? नऊ महिने मी वाढवलाय.”

“त्याला आपण सांगू तेवढंच कळतं. ताप नाही, सूज नाही, आणि रक्तदाब मात्र घसरतोय. हा रोज काही औषध घ्यायचा का?”

बाईंनी फॉर्म पुढे धरला. औषधांच्या रकान्यात व्याह्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : काही नाही. आईला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी घाम फुटतो, म्हणून पेन त्यांच्या हातात होतं. ती नुसती सांगत होती. आणि त्यांच्यापुढे ती काय सांगणार? लग्न ठरवताना तिनेच त्यांना ठणकावलं होतं, माझ्या पोराला कधी साधी शिंक आली नाही म्हणून.

तिने सुनेकडे चोरून पाहिलं. “आठवत नाही,” आई म्हणाली.

आत यंत्र वाजायला लागलं. नर्स धावली.

“मावशी.”

“दमा आहे त्याला,” आई म्हणाली. “लहानपणापासून. रोज सकाळी गोळी घेतो. स्टिरॉइड का काय म्हणतात ती.”

“आणि तीन दिवस बंद? ती अशी एकदम थांबली की रक्तदाब कोसळतो!” बाई वळल्याच. दारातूनच त्यांनी नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

दार मिटलं. आईने मान ताठ केली. आता ही बापाला फोन लावणार.

सुनेने पर्समधून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. “मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आई.”

“मग तीन दिवस तोंडाला कुलूप कुणी घातलं होतं?”



“फॉर्म भरताना तुम्ही मला बाहेर पाठवलंत,” सून म्हणाली. “मला वाटलं, माझ्या माघारी तुम्ही हेच सांगणार.”