राणीचं विष

“नाव एकदाच घ्यायचं,” आर्लन म्हणाला. “विष कोणी घातलं ते वैद्यानं ओळखायचं. बरोबर ओळखलं तर मंत्र चालला, राणी वाचली. चुकलं, तर विष दुप्पट.”

“दुप्पट? माणूस आहेस का राक्षस?” गसनं चीजचा तुकडा तोंडात टाकला. गस दुधाचा टँकर चालवायचा आणि खेळात कायम कुऱ्हाडवाला व्हायचा. “आजवर कसं, वैद्यानं हात ठेवला की जखम गायब. छान चाललं होतं की.”

“म्हणूनच खेळात कुणाला भीती वाटेनाशी झालीय.”

दर शनिवारी दुपारी आर्लनच्या तळघरात चौघं जमत. बाहेर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा फेब्रुवारी, तळं गोठून दगड झालेलं. आत आर्लननं रचलेला खेळ, राजा-राणी-वैद्याची सोंगं घेऊन फाशांवर खेळायचा, आणि त्याचे नियम. हे नियम तो हवेतून काढत नसे. स्वतःचा पाय मोडला तेव्हा प्लास्टर सुटायच्या आत हाडं मोडण्याचा नियम लिहून तयार. गसला मधमाश्या चावल्या, त्याचाही झाला. जे डोळ्यांनी बघेल तेच वहीत, ही त्याची जुनी खोड.

आज वैद्य होती त्याची बायको, इंगा.

“राणीला होतंय काय?” तिनं विचारलं.

आर्लननं वही उघडली आणि मान वर न करता वाचू लागला. “केस पुंजक्यानं गळतात. तळपायांची आग होते, पांघरूणसुद्धा सोसत नाही. बोटं थरथरतात, म्हणून हात मांडीखाली लपवते.”

इंगाचे हात मांडीखालीच होते.

दोन महिने ती नेमकं हेच भोगत होती. डॉक्टरनं मनाचे खेळ म्हणून गोळ्या दिल्या होत्या. आर्लनला तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं, सांगितलं होतं फक्त डेलाला. मग याला कळलं कसं? अगदी मांडीखालच्या हातांसकट?

डेला तिच्या शेजारीच बसली होती. जन्मभर नर्स, दोन नवऱ्यांची आणि एका सासूची शेवटच्या श्वासापर्यंत सेवा केलेली. तिच्याइतकं मायाळू माणूस गावात नाही, असं सगळे म्हणत. दर शनिवारी ती लिंबाच्या वड्या आणायची. इंगाला साखर वर्ज्य, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या डब्यात, बिनसाखरेच्या.

“खा गं बाई,” तिनं डबा सरकवला. “तोंड बघ किती उतरलंय.” पण इंगाला आज काही खावंसं वाटेना, डबा तसाच राहिला.

“महालात तिघं जण,” आर्लन पुढे म्हणाला. “राजा, आचारी आणि राणीची सखी.”

इंगानं विचारलं, “सकाळी राणीला पहिला घोट कोण देतं?”

“राजा.”

“रोज?”

“रोज. स्वतःच्या हातानं.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि सकाळची कॉफी आर्लनच करून आणायचा. इतके दिवस तिला त्याचं केवढं कौतुक होतं!

“नवराच असणार!” गस हसला. “नवऱ्याशिवाय कोणाला वेळ असतो एवढा?”

टेबलाखाली डेलानं इंगाचा हात घट्ट दाबला.

“राजा,” इंगा म्हणाली.

आर्लननं तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फासे त्यानं उचललेच नाहीत.

“चुकलं,” तो हळूच म्हणाला. “विष दुप्पट.”

त्या रात्री इंगाला डोळा लागला नाही. शेजारी आर्लनही जागाच होता, आणि तो जागा आहे याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती. सकाळची कॉफी तिनं बेसिनमध्ये ओतली. डेलाला फोन केला, तशी ती अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर.

“काही दिवस माझ्याकडे राहील ती,” डेला दारातूनच म्हणाली. “आराम पडेल तिला.”

आर्लन दार अडवून उभा राहिला. “इंगा, आज नको जाऊस. एकच दिवस थांब. मला एक गोष्ट पक्की कळू दे, मग तुला सगळं सांगतो.”

“बाजूला हो!” ती किंचाळली. स्वतःच्या घरात ती इतक्या मोठ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती.

तो बाजूला झाला. वही मात्र तिनं आधीच कोटात लपवली होती. पोलिसांना दाखवायला पुरावा नको?

डेलाचं स्वयंपाकघर उबदार होतं. इंगा खुर्चीत बसली आणि महिन्याभरात प्रथमच तिला मोकळा श्वास आला. डेलानं पायांवर शाल घातली, पुढ्यात चहा ठेवला, वड्यांची बशी ठेवली. “आता मी आहे ना तुझं सगळं करायला. आधी पोटभर खा, मग पोलीस न् काय ते बघू,” असं म्हणून ती वर खोली लावायला गेली. दोन दिवसांत इंगाला पहिल्यांदा भूक लागली होती. तिनं सगळं संपवलं आणि मग वही उघडली.

आधी राणीचं पान आलं. पान उलटलं, तर मागे आर्लनच्या बारीक अक्षरात तारखाच तारखा.

‘शुक्रवार, बरी. शनिवार रात्र, उलट्या. रविवार, उभं राहवत नाही. गुरुवारपासून पुन्हा बरी.’ आठ आठवडे हेच. खाली लिहिलं होतं: ‘मला सांगत नाही, मीही विचारत नाही, घाबरेल. कॉफी आम्ही दोघं एकाच किटलीतली पितो. शनिवारी फक्त तिचा डबा वेगळा. त्यातली एक वडी तपासायला मॅडिसनच्या प्रयोगशाळेत पाठवली आहे. निकाल सोमवारी. तोवर खेळात सखी ठेवतो. इंगा हुशार आहे, ओळखेल.’

जिना उतरल्याचा आवाज आला. डेला दारात उभी होती. इंगाच्या हातातल्या वहीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रिकाम्या बशीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मायेनं फुलून आला होता.

“संपवल्यास सगळ्या? शहाणी गं माझी ती. आज मुद्दाम दुप्पट केल्या होत्या.”