जिवंत किड्यांचा डबा

"काकू, वाळवलेल्या किड्यांचं खाद्य न्या की. जिवंत आता कोण नेतं?" खाद्याच्या दुकानातला इलियास म्हणाला.

"माझ्या कोंबड्यांना एकदा तरी हलणारा किडा बघू दे," असं म्हणत शरयूकाकूंनी कारखान्यात वाढवलेल्या किड्यांचा डबा घेतला. मातीतले किडे संपल्यानंतर, मशीनमध्ये उबवलेल्या काकूंच्या कोंबड्यांनी आजवर नुसत्या गोळ्याच खाल्ल्या होत्या.

परसात काकूंनी डबा उपडा केला. किडे उड्या मारू लागले, तशा कोंबड्या घाबरून खुराड्यात शिरल्या. मग काकू स्वतःच उकिडव्या बसल्या आणि पिल्लांची आई करते तसं तोंडाने 'कुक् कुक्' करत बोटांनी माती उकरू लागल्या. बऱ्याच वेळाने तांबडी कोंबडी बाहेर आली. तिने मान वाकडी करून पाहिलं, चोच मारून किडा गिळला आणि पायांनी माती उकरली.

"अहो, पाहिलंत का? उकरतेय ती!" काकू घराकडे वळून ओरडल्या.

दारात कुणी आलं नाही. काकूंच्या यजमानांना, नानांना, जाऊन वर्ष होत आलं होतं.

मग काकू तिथेच मातीत बसून, आज काय काय झालं ते तांबडीलाच पहिल्यापासून सांगू लागल्या.