डावीकडे निघालेला भालाईत

राइनहोल्ट वेल्फेलला यंदाचं सुवर्णपदक मिळालं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तो स्वतः तसंच समजतो.

तर, वेल्फेल काचेच्या पेटीला नाक लावून उभा होता आणि त्याच्या श्वासाने काच धुरकट होत होती. आत कथलाचे सपाट सैनिक होते, नाण्याइतके पातळ, बोटाएवढे उंच. सतराव्या शतकातल्या युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातली भालाइतांची तुकडी. असे सैनिक रंगवणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या स्पर्धकांना एकाच साच्यातला एकच भालाईत मिळालेला. फरक काय तो रंगाचा. नाव कुठेच नाही, फक्त पायाखाली चिकटवलेला आकडा.

आणि त्या सगळ्यांत एक भालाईत जिवंत होता.

त्याच्या कातडी अंगरख्यावर चिखल वाळलेला होता. गालाखाली अशी सावली, की सपाट धातूला हाडं आहेत असं वाटावं. आणि डोळा! टाचणीच्या टोकाएवढ्या त्या डोळ्यात घर सोडून आलेल्या माणसाची भीती होती.

"श्मालफुस," वेल्फेल दातओठ खात म्हणाला.

एगोन श्मालफुस दरवर्षी पहिला यायचा आणि वेल्फेल दरवर्षी दुसरा. वैर इतकं जुनं, तरी दोघं अजून अहोजाहोवरच होते.

"चांगलाय ना?" शेजारून त्याची बायको हेडविगने विचारलं. तिच्या हातात पावात घातलेलं सॉसेज होतं.

"चांगला? हरामखोर आहे! तो डोळा बघ. असा डोळा रंगवणाऱ्याला मतदानाचा हक्क असू नये."

"चुका काढ की मग."

वेल्फेलने भिंग काढलं. प्रकाश कुठून पडतो ते तपासलं. बरोबर. पट्ट्याचा रंग त्या काळचा? त्या काळचाच. वेल्फेलने रागाच्या भरात बायकोचं सॉसेज घेऊन संपवलं. या सगळ्यात आपला स्वतःचा भालाईत कुठे दिसत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. श्मालफुसनेच गायब केला असणार.

इतक्यात श्मालफुसच आला. "काय वेल्फेल, काच खाताय की काय?"

"अभिनंदन," वेल्फेल म्हणाला. हा शब्द त्याने दाढ काढून द्यावी तसा दिला.

"माझं? छे हो. माझा तो कोपऱ्यातला, ढेकर दिल्यासारखा दिसतोय तो. हा मधला कुणाचा आहे ते कळलं ना, तर मी त्याच्या घरासमोर जाऊन रडणार आहे."

तेवढ्यात अध्यक्षा पेत्सोल्टबाईंनी पेटी उघडली, मधला भालाईत उचलला, पायाखालचा आकडा वाचला आणि जाहीर केलं, "वेल्फेल!"

टाळ्या पडल्या, वेल्फेलच्या गळ्यात पदक पडलं. श्मालफुस कबूल केल्याप्रमाणे रडायला लागला. फक्त घरापर्यंत जायचे कष्ट त्याने वाचवले.

"चूक आहे!" वेल्फेल ओरडला. "हा माझा नाही! माझा भालाईत उजवीकडे चालतो. हा डावीकडे चाललाय!"

"अहो, यंदा किल्ला डावीकडे मांडलाय ना," पेत्सोल्टबाई म्हणाल्या. "मग हल्ला काय उजवीकडे करायचा, बिअरच्या काउंटरवर? सगळं सैन्य फिरवून उलटं उभं केलंय. हा घ्या तुमचा."

त्यांनी सैनिक फिरवला. त्या बाजूला वेल्फेलचा भालाईत होता. मिशा नीटनेटक्या, बटणं चकचकीत, चेहरा दाढदुखी झालेल्या पोस्टमास्तरचा.

वेल्फेलने सैनिक हातात घेतला. एकदा ही बाजू बघितली, एकदा ती. मधे नाण्याएवढं अंतर होतं.

पाठ कोरी ठेवली तर सैनिक बाद, हा मंडळाचा नियम. पण मांडताना पाठ भिंतीकडेच असते. म्हणून लग्न झाल्यापासून पुढची बाजू वेल्फेल रंगवायचा आणि मग सैनिक स्वयंपाकघरात पाठवून द्यायचा. तिथून तो कापसात गुंडाळून परत यायचा. कापूस सोडून ती बाजू बघावी, असं वेल्फेलला कधी वाटलं नव्हतं.

त्याने हळूच मान वळवली. हेडविग बोटांवरची मोहरी चाटत होती.

"मागची बाजू कोण बघतंय, असं तूच म्हणायचास," ती म्हणाली. "मग मी मनासारखी रंगवायचे."

श्मालफुस डोळे पुसत मध्ये आला. "वेल्फेल, एवढं सांगा, तो डोळा कसा जमला तुम्हाला?"

सगळं सभागृह ऐकायला पुढे सरकलं. हेडविगही उत्सुकतेने नवऱ्याकडे बघू लागली. वेल्फेलने पदक टेबलावर ठेवलं, पेत्सोल्टबाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला:

"मा. अध्यक्षा यांस, सतराव्या शतकातील सर्व सैन्यांस यापुढे केवळ उजवीकडेच कूच करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती. हा आदेश शत्रूसही लागू करावा. असे केल्यास दोन्ही सैन्ये कधीच समोरासमोर येणार नाहीत व युद्ध होणार नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून त्यास त्याची हरकत नाही."